हक्काच्या विसाव्याचे जनक : नारायण मेघाजी लोखंडे

आठवड्यातून एक दिवस सुट्टी आणि दुपारी भाकरी खाण्यापुरती विश्रांती या गोष्टी आज आपण गृहीत धरतो. त्या गिरणी कामगारांना मिळवून देण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांना भारतीय कामगार चळवळीचे जनक मानले जाते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाल्यावर त्यांनी रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईतील मांडवी येथील कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. गिरणीतील जिणे त्यांनी तेथेच जवळून पाहिले. विजेचे दिवे नसलेल्या त्या काळात सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्रे चालत. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास उभ्याने काम करावे लागे. कापसाचे तंतू नाकातोंडात जात, आणि यंत्रात हात सापडला तर रोजगारही जाई. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुलांपुरता होता. प्रौढ स्त्री-पुरुषांना त्याचा आधार नव्हता.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांनी भारावलेल्या लोखंडे यांनी १८८० मध्ये ‘दीनबंधु’ पत्राची धुरा खांद्यावर घेतली. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संघटना उभी केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार आणि जखमी कामगाराला बरा होईपर्यंत वेतन, अशा त्यातील मागण्या होत्या. शरीर हे न थकणारे यंत्र नव्हे, हाच त्या साऱ्यांमागील विचार होता.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत भरलेल्या प्रचंड सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही तेथे भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनच्या कामातही लोखंडे यांचा सहभाग होता. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व मधली विश्रांती बंधनकारक केली आणि स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले असता रुग्णांची सेवा करताना त्यांनाही लागण झाली, आणि ९ फेब्रुवारी रोजी त्यांचे निधन झाले. २००५ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढण्यात आले.

लोखंडे यांनी मिळवून दिलेली सुट्टी गिरणीच्या आवारापुरती राहिली, ही त्या काळाची मर्यादा होती. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो ऊसतोड मजूर साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. त्यांचे काम कारखान्याच्या आत नसून फडात असते आणि व्यवहार मुकादमामार्फत उचल घेऊन होतो. त्यामुळे कारखान्यातील कामगाराची सुट्टी त्यांच्या वाट्याला येत नाही. कंबरेत वाकून बुडख्याशी कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर वाहून गाडी भरायची. पाठ, कंबर, मान आणि गुडघे यांना त्यात उसंत नसते. आजारपणातील खाड्याचेही पैसे कापले जातात. या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा दुखणे अंगावर काढण्याची सक्ती किती खोल आहे, हे सर्वांना दिसले.

मोळीचे वजन आटोक्यात ठेवणे, वाकलेल्या कंबरेला ठराविक वेळाने विसावा देणे, फडाजवळ पाणी, सावली व शौचालय असणे आणि आठवड्याला बिनकपातीची एक सुट्टी मिळणे, हे काही अशक्य कोटीतील उपाय नव्हेत. लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणीच्या दारात मांडलेली मागणी फडाच्या बांधापर्यंत पोहोचणे अजून बाकी आहे.