राजा रविवर्मा

पुण्याहून मुंबईस जाणारा लोहमार्ग पिंपरी, चिंचवड, तळेगाव ही ठाणी मागे टाकून लोणावळ्याकडे जातो. लोणावळ्याच्या थोडे अलीकडे मळवली हे लहानसे स्थानक लागते. एके काळी या मळवलीतून देवादिकांची रंगीत चित्रे निघत आणि देशभर घराघरांत जात. ती छापणारा कारखाना ज्यांनी काढला, ते थोर चित्रकार म्हणजे राजा रविवर्मा होत.

रविवर्म्यांचा जन्म 29 एप्रिल 1848 रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. लहानपणी ते कोळशाने घराच्या भिंतींवर चित्रे काढीत. त्यांचे मामा राजराजवर्मा हे स्वतः चित्रकार होते. भाच्याच्या हातातील गुण त्यांनी ओळखला व त्यास त्रिवेंद्रमच्या राजदरबारी नेले.

दरबारात तेलरंगांची विद्या जाणणारे एक चित्रकार होते. परंतु त्यांनी ती शिकविण्यास साफ नकार दिला. पुढे थिओडोर जेन्सन नावाचे युरोपीय चित्रकार तेथे आले. त्यांनीही केवळ आपले काम पाहण्याची मुभा दिली. पाहावे, स्वतः करावे, चुकावे आणि पुन्हा आरंभ करावा, अशा रीतीने रविवर्म्यांनी ती विद्या कमावली.

तेलरंग सावकाश वाळतात. म्हणून एक छटा दुसरीत अलगद मिसळता येते. हा गुण चांदण्याच्या चित्रात फार उपयोगी पडतो. चंद्रप्रकाशात लाल, हिरवे रंग मावळतात. उरतो तो मंद उजेड आणि दाट सावली. चांदण्या रात्री एकटीच बसलेल्या स्त्रीचे जे चित्र रविवर्म्यांनी रंगविले, त्यात हा शांत प्रकाश उतरला आहे.

1873 साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्रास पारितोषिक मिळाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून 14 पौराणिक चित्रे करवून घेतली. कीर्ती वाढली; पण मूळ चित्र एकच असते आणि ते राजवाड्यातच राहते. सामान्य माणसाने ते कसे पाहावे? या विचाराने 1894 साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला. प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा तयार करावी लागे. एकाच कागदावर रंगामागून रंग नेमक्या जागी छापला, म्हणजे चित्र पुरे होई.

त्यातच मुंबईत प्लेगची साथ आली. धंदा बसला, कर्ज वाढले. 1899 साली छापखाना मळवलीस हलविण्यात आला आणि 1901 साली तो विकावा लागला. तरीही नव्या मालकाच्या हाती चित्रे छापली जातच राहिली.

ही चित्रे घरी आल्यावर त्यांत आणखी हात लागत. कोणी लक्ष्मीच्या लुगड्यावर खरी जर चिकटवी, कोणी दागिन्यांच्या जागी मणी व टिकल्या बसवी. कापड, कागद, टिकल्या चिकटवून आज शाळेतील मुले चांदण्या रात्रीचे चित्र सजवितात, ती हीच रीत होय.

2 ऑक्टोबर 1906 रोजी रविवर्मा निवर्तले. ज्या विद्येचे दार त्यांच्यासाठी कोणी उघडले नाही, तिचे फळ त्यांनी गरिबाच्या भिंतीपर्यंत पोहोचविले.