काशीबाई कानिटकर

काशीबाई गोविंद कानिटकर (२० जानेवारी १८६१ – ३० जानेवारी १९४८) या आधुनिक मराठी साहित्यातील आद्य लेखिकांपैकी एक होत. कादंबरी, कथा, चरित्र, निबंध आणि आत्मचरित्र अशा विविध प्रकारांत त्यांनी लेखन केले. शाळेत न जाता, घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध सोसून त्यांनी विद्या मिळवली. स्त्रीला शिक्षण आणि अधिकार मिळाले तर ती काय करू शकेल, हा त्यांच्या लेखनाचा मुख्य विषय आहे.

बालपण व विवाह

काशीबाईंचा जन्म सध्याच्या सांगली जिल्ह्यातील आष्टे येथे सुखवस्तू बापट घराण्यात झाला. मुलींना शिकवण्याची रीत त्या काळी नव्हती. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह सोळा वर्षांच्या गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी झाला. गोविंदराव पुढे न्यायखात्यात अधिकारी झाले. ते कवीही होते आणि जॉन स्टुअर्ट मिल यांच्या स्त्रियांच्या पराधीनतेवरील ग्रंथाचे त्यांनी मराठीत भाषांतर केले.

शिक्षण

विवाहानंतर आरंभी निरक्षर पत्नीविषयी गोविंदरावांच्या मनात नाराजी होती. ती दूर करायची तर आपण शिकलेच पाहिजे, असा निश्चय काशीबाईंनी केला. सुनेने पुस्तक हाती धरणे सासरच्या मंडळींना रुचत नसे. त्यामुळे घरकाम उरकून, लपूनछपून त्यांना वाचन करावे लागे. प्रथम मराठी, नंतर संस्कृत व इंग्रजी असा त्यांचा अभ्यास वाढत गेला. पुढे गोविंदरावांनीच त्यांना लेखनास प्रोत्साहन दिले. या काळातील अपमान, भीती आणि वाचनाचा आनंद यांचे वर्णन त्यांच्या आत्मचरित्रात आले आहे.

साहित्य

‘रंगराव’ ही काशीबाईंची पहिली कादंबरी. ती १८८६ पासून ‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ या मासिकातून प्रसिद्ध होऊ लागली. मात्र पुस्तकरूपाने येण्यास १९०३ साल उजाडले. त्यांच्यापूर्वी साळूबाई तांबवेकर यांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ (१८७३) ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. तथापि समकालीन समाजातील स्त्रीचे प्रश्न सातत्याने मांडणाऱ्या पहिल्या महत्त्वाच्या लेखिका म्हणून काशीबाईंचे नाव घेतले जाते.

‘पालखीचा गोंडा’ (१९२८) ही त्यांची दुसरी कादंबरी. हिच्या नायिकेचा विवाह एका मतिमंद संस्थानिकाशी लावून दिला जातो. ही फसवणूक उघड झाल्यावर ती शोक करीत बसत नाही. राज्यकारभार हाती घेऊन ती स्त्रियांच्या शिक्षणाची व उन्नतीची व्यवस्था उभारते आणि त्यांना कारभारातही स्थान देते. अशा राज्याचे चित्र त्या काळी केवळ कल्पनेतच रंगवता येण्यासारखे होते. ‘शेवट तर गोड झाला’ आणि ‘चांदण्यातील गप्पा’ (१९२१) हे त्यांचे कथालेखन होय.

आनंदीबाई जोशी यांचे चरित्र

डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी संपादन केली. मायदेशी परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या पत्रव्यवहाराच्या आधारे काशीबाईंनी त्यांचे चरित्र लिहिले व ते १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे लिहिलेले हे आरंभीच्या काळातील महत्त्वाचे चरित्र होय. हे केवळ गौरवपर लेखन नाही. पत्नीला शिकवण्याचा ध्यास घेतलेल्या गोपाळरावांचे श्रेय लेखिकेने मान्य केले आहे. त्याचबरोबर त्यांच्या कठोर वागणुकीवरही तिने पडदा टाकलेला नाही.

सार्वजनिक जीवन

१८८९ मध्ये मुंबई येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनास ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून उपस्थित होत्या, त्यांत पंडिता रमाबाई यांच्यासह काशीबाईंचा समावेश होता. प्रसिद्ध कादंबरीकार हरि नारायण आपटे हे कानिटकर दांपत्याचे निकटचे स्नेही होते. हरिभाऊ व काशीबाई यांच्यात साहित्यविषयक पत्रव्यवहार होत असे. एका विवाहित स्त्रीने परपुरुषाशी अशी वाङ्मयीन मैत्री राखणे ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. उत्तरायुष्यात काशीबाई थिऑसॉफीकडे वळल्या.

निधन व वारसा

३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे महात्मा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी, वयाच्या ८७ व्या वर्षी काशीबाईंचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या हयातीत ग्रंथरूपाने आले नाही. पुढे सरोजिनी वैद्य यांनी ते संपादित केले व त्याला काशीबाईंच्या चरित्राची जोड दिली. मीरा कोसंबी यांनी काशीबाईंवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास बहुधा सुधारकांच्या कार्याच्या अंगाने सांगितला जातो. त्याच काळात घराच्या आत शिकणाऱ्या स्त्रीला काय सोसावे लागले, हे तिच्याच शब्दांत जाणून घेण्यासाठी काशीबाईंचे लेखन हे एक मोलाचे साधन आहे.