वाकड्या पात्याचा माणूस

मी मेकॅनिकलचा. तरी ज्या हत्याराने मला वेड लावलं ते आपल्या वर्कशॉपमधलं नाही, ऑपरेशन थिएटरमधलं आहे. लॅरिंगोस्कोप! एक हँडल, त्याला जोडलेलं पातं आणि पात्यावर इवलासा दिवा. भूल दिलेल्या पेशंटची जीभ बाजूला सारून श्वासनलिकेचं तोंड बघायचं आणि आत नळी सरकवायची. नळी चुकून अन्ननलिकेत गेली आणि वेळेत कळलं नाही, तर काही मिनिटांत खेळ खलास.

या पात्याला आजही ज्यांचं नाव आहे ते सर रॉबर्ट मॅकिंटॉश. जन्म १८९७, न्यूझीलंडमधलं टिमारू. पहिल्या महायुद्धात वैमानिक होते. १९१७ मध्ये विमान पाडलं गेलं आणि जर्मनांच्या कैदेत पडले. तिथून पळायचे प्रयत्नही करून झाले! पुढे लंडनला डॉक्टरी. १९३७ मध्ये ऑक्सफर्डला भूलशास्त्राचे प्राध्यापक झाले. भूल द्यायला प्रोफेसर कशाला, असं तिथल्या मोठमोठ्या डॉक्टरांना वाटत होतं. पण देणगी देणारे मॉरिस मोटारवाले लॉर्ड नफील्ड हटूनच बसले. (मोटारवाल्याला कळलं, डॉक्टरांना नाही!)

तोपर्यंत सरळ पातं जास्त चालायचं. श्वासनलिकेवर एक झाकण असतं, एपिग्लॉटिस. सरळ पातं त्याच्या खाली घालून ते उचलायचं. पण झाकणाची खालची बाजू फार हुळहुळी, त्यामुळे भूल खूप गाढ लागे, आणि तेही धोक्याचंच. एकदा टॉन्सिलच्या ऑपरेशनला मॅकिंटॉश यांनी तोंड उघडं ठेवायचा गॅग बसवला. तो जरा मोठ्या मापाचा निघाला, आणि स्वरयंत्र समोर लख्ख दिसलं! दुसरा कोणी गॅग बदलून कामाला लागला असता. यांनी विभागातले तंत्रज्ञ रिचर्ड सॉल्ट यांना गाठून तसं पातं बनवून घेतलं. १९४३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. टोक झाकणाच्या वर, जिभेच्या मुळाशी टेकवायचं आणि हँडल उचलायचं. झाकण आपोआप वर येतं. पात्याचा बाक नेमका किती, याला त्यांच्या लेखी फारसं महत्त्व नव्हतं, टोक कुठे टेकतं ते महत्त्वाचं. मला हे सगळ्यात आवडलं. आपण ड्रॉइंग शीटवर वक्र घोटत बसतो!

आणि काही केल्या स्वरयंत्र नीट दिसलंच नाही तर? त्यावरही १९४९ मध्ये त्यांनी उपाय सुचवला: आधी बारीक, लवचिक काडी आत घालायची, मग तिच्यावरून नळी सरकवायची. मॅकिंटॉश १९८९ मध्ये गेले. आता पात्याला कॅमेरा लावून स्क्रीनवर बघतात, पण त्यातली कित्येक पाती अजून त्यांच्याच वळणाची आहेत, आणि ती काडीही ट्रॉलीवर हाताशी असते.