रेव्ह. नारायण वामन टिळक

ज्यांची भजने आपल्या मंडळ्यांत नित्य गायिली जातात, ते रेव्ह. टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मले. आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने दिलेला नवा करार वाचून त्यांचे मन ख्रिस्ताकडे वळले, व १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत त्यांनी नगरास अध्यापन केले व ज्ञानोदयाचे लेखन सांभाळिले. मान होता, वेतन होते. तथापि पगारी सेवक म्हणून नव्हे, तर केवळ ख्रिस्ताचा दास म्हणून देशबांधवांपुढे उभे राहावे, अशी तळमळ त्यांस लागली. १९१७ साली वेतन सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यास पत्करिला व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. पत्नी लक्ष्मीबाई तेथे त्यांच्यासोबत होत्या. घर न सोडता घराची आसक्ती सोडावी, असा तो संन्यास होता. ९ मे १९१९ रोजी ते प्रभूकडे गेले.

बंधुभगिनींनो, वेतन सोडणे हे प्रत्येकाचे पाचारण नव्हे. परंतु शेताची, बाजाराची व कज्जेदलालीची चिंता उंबरठ्याबाहेर ठेवून रोज घटकाभर प्रभूच्या चरणी बसणे आपणांपैकी कोणास अशक्य आहे?