तिलाही विचारा ना!

मैत्रिणींनो, महर्षी कर्वे आपल्याला शाळेपासून माहीत. पण त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव? र. धों. कर्वे यांचा जन्म १८८२ चा. पेशाने गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. पत्नी मालतीबाईंची साथ होती. या कामापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. तरी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये डोळे मिटेपर्यंत चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात उघड उत्तरं असत. त्यावरून १९३४ मध्ये खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! दंड झाला, पण मासिक थांबलं नाही.

मला त्यांचं मोठेपण एका गोष्टीत वाटतं. शरीरसुखावर बाईचाही तेवढाच हक्क आहे, हे त्यांनी त्या काळात ठणकावून सांगितलं.

आजही मंडळाच्या कामात बायका हळूच बोलतात. नवऱ्याच्या 'कमजोरी'वर गोळी मिळाली, तो खूश. पण हिची पाळी गेलेली, कोरडेपणामुळे दुखतं, कधी मनच नसतं, हे कुणी विचारतच नाही. काहींचा संसार उपचाराने पुन्हा गोडही झालाय. ती दोघं डॉक्टरांकडे मिळून गेली होती.

उपचार एकावर, परिणाम दोघांवर. म्हणून नवरा दवाखान्यात निघाला की आपणही सोबत जाऊ या, आपलं दुखणंही सांगू या. रघुनाथरावांनी यासाठी नोकरी घालवली, आपण निदान तोंड तरी उघडू या!