शास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनी

इ. स. १९३३ ची गोष्ट. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे एका तरुणीचा प्रवेशअर्ज आला. मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत तिने रसायनशास्त्र हा विषय घेऊन अग्रस्थान मिळविले होते. तरीही अर्ज नामंजूर झाला. अर्ज करणारी व्यक्ती स्त्री होती, एवढेच त्याचे कारण. ही तरुणी म्हणजे कमला भागवत. पुढे सारा देश त्यांना कमलाबाई सोहोनी या नावाने ओळखू लागला.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. त्यांचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून त्याच बंगलोरच्या संस्थेत शिकलेले होते. थोर विदुषी व लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या वडील भगिनी. अशा घरात वाढलेल्या कमलाबाईंनी संशोधन करावयाचे हे लहानपणीच मनाशी ठरविले होते.

संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन हे जगद्विख्यात शास्त्रज्ञ होते. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले होते. परंतु संशोधनाचे काम स्त्रियांना झेपणार नाही, अशी त्यांची समजूत होती. एवढ्या थोर पुरुषाने नकार दिल्यावर दुसरे कोणी मुकाट्याने परत फिरले असते. कमलाबाईंनी मात्र गांधीजींच्या मार्गाने सत्याग्रह आरंभिला. नकाराचे योग्य कारण मिळाल्यावाचून त्या हटेनात. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे राहील. संचालकांचे समाधान झाल्यावरच त्यांच्या कामास मान्यता मिळेल. आणि त्यांच्यामुळे इतर विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये! या अटी त्यांच्या मनाला फार लागल्या. तथापि त्यांनी त्या स्वीकारल्या व आपले उत्तर कामातून द्यावयाचे ठरविले.

श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा कसून अभ्यास केला. वर्षाअखेर रामन यांचे समाधान झाले. इतकेच नव्हे, तर त्यांनी आपले मत बदलले आणि संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. १९३६ मध्ये कमलाबाई एम. एस्सी. झाल्या.

त्यानंतर त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे त्यांनी जो शोध लावला, तो समजण्यासाठी पेशीच्या आत डोकावले पाहिजे. सर्व सजीवांची शरीरे पेशींची बनलेली असतात. आपण श्वासावाटे घेतलेला प्राणवायू या पेशींपर्यंत पोहोचतो आणि तेथे अन्नापासून शक्ती निर्माण होते. चुलीतले लाकूड भडकून जळते, तसे हे ज्वलन नसते. ते पायरीपायरीने होते. विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेने उभी राहतात आणि घागर एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते. त्याचप्रमाणे पेशीतील काही द्रव्ये इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण पुढे पुढे देत प्राणवायूपर्यंत पोहोचवितात. या रांगेतील एका लोहयुक्त द्रव्याचे नाव सायटोक्रोम सी. बटाट्यावर प्रयोग करीत असताना कमलाबाईंना वनस्पतीच्या पेशींतही हे द्रव्य आढळले आणि तेथेही ते हेच काम करते, असे त्यांनी दाखवून दिले. प्राणी आणि वनस्पती बाहेरून कितीही भिन्न दिसोत, त्यांच्या पेशींचा श्वास एकाच रीतीने चालतो!

हे काम त्यांनी अवघ्या १४ महिन्यांत पुरे केले. त्यांचा प्रबंध केवळ ४० पानांचा होता; पण प्रबंधाचे मोल पानांवरून ठरत नाही. १९३९ मध्ये केंब्रिजने त्यांना पीएच. डी. ही पदवी दिली. विज्ञानातील हा मान मिळविणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक होत.

परदेशात राहून कीर्ती मिळविणे त्यांना अशक्य नव्हते. पण त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीला अध्यापन आणि कुन्नूर येथे पोषणविषयक संशोधन केल्यावर, १९४७ मध्ये विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत अध्यापन व संशोधन करू लागल्या. आता त्यांचे लक्ष गरिबांच्या ताटाकडे वळले. डाळी व कडधान्ये यांचा त्यांनी अभ्यास केला. ताडामाडाच्या गोड रसाचे, म्हणजे नीरेचे, त्यांनी बारकाईने परीक्षण केले. तीत जीवनसत्त्वे व लोह असल्याने ती कुपोषित मुले व गर्भवती स्त्रिया यांना उपकारक ठरते, असे दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. पुढे ग्राहकांची फसवणूक थांबावी म्हणून १९६६ मध्ये नऊ स्त्रियांनी मुंबईत स्थापन केलेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेतही त्यांनी पुढाकार घेतला.

सायटोक्रोम सीची कहाणी मात्र केंब्रिजला संपली नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतील शाओदोंग वांग व त्यांचे सहकारी यांना एक नवल दिसले. पेशी जीर्ण वा सदोष झाली म्हणजे हेच द्रव्य आपली नेहमीची जागा सोडून बाहेर येते आणि त्या पेशीच्या शिस्तबद्ध अंताला आरंभ करून देते. जे पेशीला जगविते, तेच वेळ आली म्हणजे तिला निरोपही देते! कर्करोगासारख्या व्याधींच्या अभ्यासात हे ज्ञान आज फार मोलाचे ठरले आहे.

१९९८ मध्ये दिल्ली येथे कमलाबाईंच्या गौरवाचा समारंभ योजिला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. ज्या संस्थेने एके काळी त्यांना दारात थांबविले, तेथे आज असंख्य मुली संशोधन करीत आहेत. ते दार उघडण्यासाठी एक तरुणी निर्धाराने उभी राहिली होती, याचे स्मरण त्यांना आणि आपणा सर्वांना असावे.