लिलियन गिलब्रेथ

लिलियन मोलर गिलब्रेथ (२४ मे १८७८ – २ जानेवारी १९७२) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व औद्योगिक अभियंत्या होत्या. कारखान्यातील कामाची जागा, अवजारे आणि कार्यपद्धती ठरवताना यंत्राइतकाच ते चालवणाऱ्या माणसाचाही विचार व्हावा, हे तत्त्व रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

जन्म व शिक्षण

त्यांचा जन्म कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे झाला. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी १९०० मध्ये पदवी आणि १९०२ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. १९०४ मध्ये बांधकाम कंत्राटदार फ्रँक गिलब्रेथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला बारा अपत्ये झाली. १९१५ मध्ये ब्राउन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट प्रदान केली.

हालचालींचा व थकव्याचा अभ्यास

त्या काळी फ्रेडरिक टेलर यांच्या पद्धतीनुसार स्टॉपवॉच लावून कामाचा वेळ मोजला जात असे. अशा मोजणीविरुद्ध १९११ मध्ये वॉटरटाउन येथील शस्त्रनिर्मिती कारखान्यातील कामगारांनी संप केला होता. गिलब्रेथ दांपत्याने वेगाऐवजी हालचालींवर लक्ष केंद्रित केले. कामाचे चित्रीकरण करून त्यांनी प्रत्येक हालचालीचे मूलभूत घटक वेगळे केले व त्यांना आपल्या आडनावाची अक्षरे उलटवून ‘थर्ब्लिग’ असे नाव दिले. अवजारे व सुटे भाग हाताच्या टप्प्यात ठेवावेत, टेबलाची उंची कामगाराला सोयीची असावी, बसण्यास योग्य खुर्ची, पुरेसा प्रकाश आणि ठरावीक विश्रांती मिळावी, असे त्यांनी सुचवले. पहिल्या महायुद्धानंतर अपंग झालेल्या सैनिकांना काम करता यावे, यासाठीही त्यांनी ही पद्धत वापरली. आजच्या कारखान्यांतील ‘वर्क सेल’ची आखणी करताना हेच मुद्दे विचारात घेतले जातात.

लिलियन यांचा ‘द सायकॉलॉजी ऑफ मॅनेजमेंट’ हा ग्रंथ १९१४ मध्ये प्रकाशित झाला. लेखिका स्त्री असल्याचे वाचकांना कळू नये, म्हणून प्रकाशकाने त्यावर केवळ नावाची आद्याक्षरे व आडनाव छापले.

स्वतंत्र कार्य

जून १९२४ मध्ये फ्रँक यांचे निधन झाले. त्या वेळी अकरा मुलांची जबाबदारी लिलियन यांच्यावर होती. स्त्री सल्लागार नको, म्हणून अनेक कंपन्यांनी करारांचे नूतनीकरण केले नाही. तेव्हा त्यांनी घरीच प्रशिक्षणवर्ग चालवले आणि डिपार्टमेंट स्टोअरमधील विक्रेत्यांचे काम, तसेच घरगुती स्वयंपाकघराची रचना या विषयांकडे आपला अभ्यास वळवला. ओटा, शेगडी व भांडी यांच्यातील फेऱ्या कमी करणारी त्यांची मांडणी पुढे प्रसिद्ध झाली. १९३५ ते १९४८ या काळात त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक होत्या.

सन्मान

१९६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १९६६ मध्ये त्यांना हूवर पदक मिळाले. १९८४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.